मार्खा खोऱ्याचा ट्रेक: आधी मुक्कामांची उंची मांडा

मुंबईहून सकाळच्या विमानाने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाच्या सुमारास लेहला असतो, ३५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब मुंबईच्या साधारण ६५ टक्के. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही माथ्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर शरीर एका सकाळीत जाऊन पडतं, आणि मार्खा खोऱ्याचा ट्रेक तिथून पुढे सुरू होऊन कोंगमारू ला या सुमारे ५२०० मीटरच्या खिंडीत जातो. खिंडीत दाब निम्म्याहून थोडाच जास्त उरतो.

अलंग-मदन-कुलंग किंवा हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्यांना हा ट्रेक पायाने अवघड जात नाही. वाट बहुतेक नदीकाठची, चढ सौम्य, कडा-कपारी फारशा नाहीत. तरीही दर मोसमात धडधाकट, तरुण, सराव केलेली माणसं अर्ध्यातून घोड्यावर बसून परत येतात. कारण दम आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दम मुंबईत कमावता येतो. उंचीची सवय फक्त उंचीवर, आणि तीही रात्री कुठे झोपलो यावरून होते. म्हणून टूरवाल्याचं पत्रक हातात आलं की फोटो आणि जेवणाचा मेनू नंतर बघा. आधी कागद घ्या आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची एकाखाली एक लिहा.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या.

मार्खाला हा नियम लावला की चांगली आणि वाईट आखणी लगेच वेगळी दिसते. लेहमध्ये तीन रात्री. पहिल्या दिवशी बाजारही नको. जेवण, पाणी, झोप. दुसऱ्या दिवशी सपाटीवर थोडं फिरणं. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या किंवा नामग्याल त्सेमोच्या पायऱ्या सावकाश चढून उतरणं. चौथ्या दिवशी गाडीने झंस्कार नदीच्या काठाने चिलिंगवरून स्कियू. ही जागा सुमारे ३४०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही किंचित खाली. या बाजूने खोऱ्यात शिरण्याचा मोठा फायदा हाच. मग मार्खा गाव सुमारे ३७५०, हांकर ४०००, थाचुंगत्से ४२००, निमालिंग ४८००. नवव्या दिवशी खिंड ओलांडून लेह. आकडे नकाशागणिक पन्नास-शंभर मीटरने बदलतात, पण त्यांचा क्रम आणि अंतरं हीच.

गडबड कुठे होते तेही याच यादीत आहे. दिवस वाचवण्यासाठी अनेक जण थाचुंगत्से गाळतात आणि हांकरहून थेट निमालिंगला जातात. चालायला पाच-सहा तासच लागतात, म्हणून कुणाला वावगं वाटत नाही. पण झोपण्याची उंची एका दिवसात ८०० मीटरने वाढते, आणि खिंडीच्या आदल्या रात्री डोकं ठणकणाऱ्यांची रांग लागते. थाचुंगत्से धरूनही शेवटची उडी ६०० मीटरची राहतेच. म्हणून हातात एक दिवस जास्त असेल तर तो हांकर किंवा थाचुंगत्सेला घाला. त्या दिवशी दुपारी दोनेकशे मीटर वर चढून तासभर बसा आणि खाली येऊन झोपा. जादा दिवस निमालिंगला घालू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे ज्याला त्रास सुरू होतो त्याचा त्रास दुसऱ्या रात्री बहुधा वाढतो.

दुसरी वाईट आखणी म्हणजे जिंगचेनहून निघून गांडा ला ओलांडून स्कियूला उतरणं. रुंबक-युरुत्सेची ती वाट फार सुंदर आहे, पण चालायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जवळपास ४९०० मीटरची खिंड येते. लेहमध्ये पाच-सहा दिवस आधी राहिलेल्यांनी ती जरूर करावी. नऊ दिवसांच्या रजेवर आलेल्या मुंबईकराने करू नये.

मोटाररस्ता आता स्कियूपर्यंत पोचला आहे आणि खोऱ्यात पुढेही सरकत चालला आहे. गाडी नेमकी कुठे सोडणार हे आधी विचारून घ्या, कारण त्यावर पहिल्या दिवसाचं चालणं ठरतं. स्कियू ते मार्खा गाव वीसेक किलोमीटर; एका दिवसात होतं, पण सावली फार थोडी. मधल्या सारा गावी एक मुक्काम केला तर पाय आणि डोकं दोन्ही ताजं राहतं.

गाइड निवडताना दरांच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. उंचीच्या त्रासावरच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलं आहे? ऑक्सिजनचा सिलिंडर आणि ऑक्सिमीटर निमालिंगपर्यंत सोबत असतो का, की लेहच्या ऑफिसात? सामानाच्या घोड्यांशिवाय माणसाला बसवायला एक मोकळा घोडा आहे का? आणि एक जण आजारी पडला तर त्याला खाली घेऊन कोण जाणार, उरलेल्या गटासोबत कोण राहणार? चौथ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर दुसरीकडे जा. दहा जणांच्या गटात एकच गाइड असेल तर एक माणूस आजारी पडणं म्हणजे सगळ्यांचा ट्रेक थांबणं, नाहीतर आजारी माणसाला वर रेटणं. दुसरं जास्त वेळा घडतं.

या ठिकाणी एक भौगोलिक बाब आधीच डोक्यात हवी. निमालिंगहून पुढे, लेहच्या दिशेने, मोटाररस्ता जवळ आहे. पण मधे खिंड आहे, म्हणजे खाली उतरण्याआधी आणखी ४०० मीटर चढायचं. मागे हांकरकडे रस्ता लांब, पण पहिल्या पावलापासून उतार. ज्याला छातीत पाणी किंवा मेंदूला सूज आल्याची शंका आहे त्याला मागेच न्यायचं, रात्र असली तरी, आणि खिंड ओलांडू द्यायची नाही. हा निर्णय गाइडचा असतो, गटाने त्याच्याशी वाद घालू नये.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत, मान्य करायला अवघड. डोकेदुखी, सोबत मळमळ, भूक मेलेली, गरगरणं, नको इतका थकवा: हा उंचीचा सौम्य त्रास समजायचा आणि त्या दिवशी वर जायचं नाही. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती, आणि दुसऱ्या सकाळी बरं वाटलं तर पुढे. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला ओला होतो, ओठ-नखं निळसर पडतात, तेव्हा फुप्फुसात पाणी साठतंय. बोलणं तुटक होतं, चाल झिंगल्यासारखी होते, तेव्हा मेंदूला सूज आहे. चाचणी म्हणजे जमिनीवर सरळ रेष मनात धरून टाचेपुढे टाच ठेवत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर लगेच उतरायचं. औषधं आणि ऑक्सिजन उतरायला वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. लेहचं सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय असे रुग्ण सतत हाताळतं. विमानातून उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांतच त्रास झाला तरी तिथे जायला लाजू नका.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे लोक ज्याला डायमॉक्स म्हणतात ते, मुंबईतल्या डॉक्टरांना विचारूनच. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, विमानात बसायच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. घाबरायचं कारण नाही, पाणी मात्र वाढवायचं. गोळी घेतली म्हणून मुक्कामाची उंची हवी तशी वाढवत नेता येते असं नाही. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. दोन्ही रात्रीचा श्वास मंदावतात.

ऑक्सिमीटरबद्दल. लेहमध्ये ८५ ते ९० असा आकडा दिसला की मुंबईकर घरी फोन करून हलकल्लोळ करतात. त्या उंचीवर तो आकडा नेहमीचा आहे. गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर यंत्र चुकीचं खाली दाखवतं. बोटं चोळून गरम करा, मिनिटभर थांबा, मग वाचा. एका आकड्यापेक्षा रोजच्या त्याच वेळेचा कल महत्त्वाचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणूस कसा दिसतोय.

मुंबईतली तयारी तीन महिने आधी सुरू करावी. आठवड्यातून तीन दिवस पाच किलोमीटर, ३५ ते ४० मिनिटांत, धापा न टाकता. दोन दिवस इमारतीचे जिने: पाठीवर सहा ते आठ किलो, दहा-बारा मजले, पाच-सहा फेऱ्या, आणि उतरतानाही जिन्यानेच, लिफ्टने नाही. कोंगमारू लानंतरचा उतार दीड हजार मीटरचा आहे आणि गुडघे तिथे बोलतात. महिन्यातून दोनदा सह्याद्री. एक सवय मात्र सह्याद्रीतच सोडून यायला हवी: कसाऱ्याची शेवटची लोकल गाठायची म्हणून पळत उतरणं आणि 'कोण आधी पोचतो' ही शर्यत. मार्खात शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग बरोबर. वाक्य तुटलं की पावलं कमी करा.

बुटांविषयी जरा सविस्तर, कारण मुंबईकरांचा हा खास धोका आहे. अनेक ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत तो रासायनिक रीत्या हळूहळू कुजतो, आणि वापर नसेल तर बाहेरून काहीच कळत नाही. चार-पाच वर्षं कपाटात ठेवलेले, नव्यासारखे दिसणारे बूट खोऱ्यात दुसऱ्या दिवशी तोंड उघडतात आणि अख्खा तळवा हातात येतो. अंगठ्याने तळव्याच्या वरचा मऊ थर जोरात दाबा. भेगा दिसल्या किंवा चुरा निघाला तर ते बूट गेले. चांगले असले तरी आधी दोन पूर्ण दिवसांचे ट्रेक त्यांतून करा. नवे बूट घेतले तर किमान ६०-७० किलोमीटर चालवून मगच न्या. सोबत डक्ट टेपची छोटी गुंडाळी आणि दोन मीटर मजबूत दोरी. तसंच डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून वर्षभर ठेवलेली असेल तर पिसं चेपलेली असतात, आत बुरशीही लागते; निघण्याआधी आठवडाभर उन्हात आणि पंख्याखाली मोकळी सोडा.

ऑगस्टमध्येही निमालिंगला पहाटे पारा शून्याच्या आसपास किंवा खाली जातो. स्लीपिंग बॅग उणे पाच ते उणे दहा आरामदायी तापमानाची हवी. पिशवीवर लिहिलेला 'टोकाचा' आकडा बघून घेऊ नका. अंगावर थर: लोकरीचा किंवा सिंथेटिक थर्मल, फ्लीस, डाउन, वर वारा-पाऊस रोखणारं जॅकेट. सुती बनियन आणि जीन्स घरी. ऊन हा थंडीइतकाच मोठा शत्रू आहे. अतिनील किरणं दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढतात. कॅटेगरी तीन किंवा चारचा गॉगल, रुंद काठाची टोपी, नाकाच्या खाली आणि कानांमागेही सनस्क्रीन, ओठांना एसपीएफचा बाम.

सामान घोड्यावर जातं. माणशी दहा-बारा किलोची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते. डफल बॅग मऊ हवी, चाकांची नको. घोडेवाले स्वतःच्या वेगाने जातात, दिवसा तुमची बॅग तुमच्याजवळ नसते. म्हणून पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये रोज जॅकेट, पावसाचं कव्हर, हेडटॉर्च, स्वतःची औषधं, शिट्टी, खाऊ आणि तीन लिटर पाण्याची सोय हवीच. कोरड्या हवेत घाम दिसत नाही पण पाणी जातंच. दिवसाला तीन-चार लिटर प्या, एक लिटर ओआरएसचं. ओढ्याच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबा, पाणी बर्फगार असेल तर तासभर.

नदी ओलांडणं हा भाग पत्रकात एका ओळीत असतो. मार्खा नदीवर काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी नाहीत, आणि पूल वाहूनही जातात. पाणी हिमनद्यांचं. रात्री वितळणं थांबतं म्हणून सकाळी पाणी घोट्या-पोटरीपर्यंत, दुपारनंतर तेच मांडीपर्यंत चढतं आणि गढूळ होऊन तळ दिसेनासा होतो. म्हणून लवकर निघायचं. अनवाणी उतरू नका; गार पाण्यात तळवे मिनिटात बधिर होतात आणि दगडावरून पाय सरकतो. मागे पट्टा असलेले सँडल घाला. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर ती झटकून टाकता यायला हवी. पात्र जिथे रुंद तिथे पाणी उथळ. अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच जोर असतो. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, एक पाय पक्का झाल्यावरच दुसरा, तिरकं खालच्या बाजूला जात. गट असेल तर खांदे धरून.

लडाख पर्जन्यछायेत आहे, म्हणून जुलै-ऑगस्टात मुंबई बुडत असताना इथे ट्रेक चालू असतात. पण पाऊस येतच नाही असं धरू नका. ५ ऑगस्ट २०१०च्या रात्री लेह परिसरात झालेल्या ढगफुटीने मोठी जीवितहानी झाली होती. उघड्या डोंगरउतारांवर झाडी नाही, पाणी सरळ चिखल-दगड घेऊन खाली येतं. कोरड्या नाल्याच्या पात्रात तंबू लावायचा नाही, जागा कितीही सपाट असो. जूनमध्ये खिंडीत बर्फ, जुलै-ऑगस्टात नदीला पाणी जास्त, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नदी उतरलेली, आकाश स्वच्छ, जवाची कापणी चालू आणि रात्री बोचऱ्या. गणपती लवकर आले त्या वर्षी विसर्जन उरकून निघणं मला सर्वांत पसंत.

मुक्काम तंबूत करावा की होमस्टेमध्ये? हांकरपर्यंत होमस्टे, आणि त्यापुढे थाचुंगत्से-निमालिंगला मोसमी तंबू. हे खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं, १९८१ साली स्थापन झालेलं, देशातलं सर्वांत मोठं. इथला हिमबिबट्या गावकऱ्यांच्या शेळ्या-मेंढ्या मारतो, कधी एका रात्रीत गोठ्यातलं बरंच जनावर संपवतो. होमस्टेचे पैसे त्याच घरात जातात आणि बिबट्याचं जिवंत असणं त्या घराला परवडतं. रुंबकपासून सुरू झालेली ही पद्धत आता खोऱ्यातल्या बहुतेक गावांत आहे. घरात बूट काढून जा, चुलीच्या बाजूची जागा घरच्यांची समजा, घरच्या बाईंना 'आमा-ले' म्हणा आणि आल्या-गेल्याला 'जुले'. कोरड्या संडासात पाणी ओतायचं नसतं. माती किंवा राख टाका. त्याचंच पुढे शेताला खत होतं, आणि पाण्याने ते कुजायच्या ऐवजी नासतं. प्लास्टिक सगळं लेहला परत.

जेवायला स्क्यू, थुक्पा, भात-डाळ, खंबीर रोटी. निमालिंगला पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं, म्हणून प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजतच नाही. त्या उंचीवर भूक मरते आणि तळकट नको होतं. अशा वेळी मऊ भात, तूप आणि मेतकूट जितकं पोटात जातं तितकं दुसरं काही जात नाही. पाव किलो मेतकूट आणि लिंबाचं लोणचं सोबत घ्याच. वाटेत खजूर, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या. चिक्की थंडीत दगड होते.

मार्खा गावापुढे तेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, कड्यावर आहे; वाटेपासून वर जाऊन यायला तासभर द्या, उंचीचा सरावही होतो. मणी भिंतींच्या (मंत्र कोरलेल्या दगडांच्या) डावीकडून जा, म्हणजे भिंत तुमच्या उजव्या हाताला. हांकरच्या अलीकडे कांग यात्से शिखर समोर उभं राहतं आणि निमालिंगपर्यंत सोबत असतं. निमालिंग हे उन्हाळी कुरण आहे. मार्मोट माणसाळलेले दिसले तरी त्यांना बिस्किटं घालू नका.

खिंडीच्या दिवशी पहाटे पाचला निघा. वर दोन तास. माथ्यावर वारा असतो, पंधरा मिनिटांत उतरायला लागा. पलीकडे सुरुवातीचा उतार घसरडा, मुरमाड. मग घळ सुरू होते आणि ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो; दुपारी त्यालाही पाणी चढतं. चोकडोपर्यंत एकूण सात-आठ तास, गाडी तिथे किंवा शांग सुमदोला. खोऱ्यात नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे गाडीची वेळ आणि जागा निघण्याआधीच पक्की करा. लेहमध्येही बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. घरातल्या कुणाचं तरी पोस्टपेड सोबत घ्या.

परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं घेऊ नका. लेहची उड्डाणं बहुतेक सकाळची असतात, ढग उतरले की रद्द होतात, आणि मग पुढच्या विमानात जागा मिळेल तेव्हा. मधे एक दिवस मोकळा ठेवा. दिल्लीत विमान बदलायचं असेल तर शक्यतो दोन्ही विमानं एकाच कंपनीच्या एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं चुकलं तर दुसरंही तेच बदलून देतात. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत ठेवा. काडेपेटी, लायटर आणि गॅसचे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत.